शिवकन्येची नजर

सून उलटं बोलली असती तर भागाबाईनं तिला जागच्या जागी गार केलं असतं. भांडी आपटली असती, भाकरी करपवली असती, रुसून राजेश्वर गावी, माहेरी जाऊन बसली असती, तर त्या सगळ्याला भागाबाईकडं पन्नास वर्षांचा मुरलेला इलाज होता. शिवकन्या यातलं काहीच करीत नव्हती. ती बघायची.

तोंडाकडं बघितलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. ही बघायची गळ्याच्या खाली, डाव्या अंगाला, चोळीत जिथं लोखंडी कपाटाची किल्ली असायची, तिथं. भाकरी वाढताना तिथं, चहा देताना तिथं. दुपारी जरा डोळा लागून भागाबाई जागी झाली की उंबऱ्यात शिवकन्या बसलेली. पुढ्यात तुरीच्या शेंगांचं सूप, बोटं आपली सोलतायत, आणि डोळे सासूच्या छातीवर. ती वर जाते, खाली येते, ते मोजल्यासारखे.

"काय गं, मढं राखायलीस का?" एकदा भागाबाईनं विचारलं.

"न्हाई आत्याबाई," म्हणाली आणि सूप उचलून गेली. सुपात दाणे एका अंगाला, फोलकटं एका अंगाला. न बघता सोललेलं, पण एक दाणा इकडचा तिकडं नव्हता.

हे कधी लागलं तेही भागाबाईला नेमकं ठाऊक होतं. थंडीत तिचा उजवा खांदा धरला. हात पाठीमागं जाईना, म्हणून न्हाणीत पाठ चोळायला सून येऊ लागली. एका सकाळी भागाबाईनं डावा हात वर करून खुंटीवरचं लुगडं ओढलं आणि बाजूला पाणी सांडल्याचा आवाज झाला. शिवकन्या तांब्या तिरका धरून उभी होती. कढत पाणी तिच्याच पायावर पडत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"पाय भाजायलाय की, येडे!"

"व्हय," ती म्हणाली. पाय मात्र हलवला नाही.

मागल्या आठवड्यात तर कहर झाला. परसात तारेवर वाळत घातलेली भागाबाईची चोळी शिवकन्येनं काढली, उलटी केली, उन्हासमोर धरली आणि डाव्या बाजूचं कापड नाकाला लावून हुंगलं. भागाबाई मोरीच्या आडोशाला उभी राहून हे बघत होती. भर बाराचं ऊन होतं, तरी तिच्या दंडावर काटा उभा राहिला.

तिच्या मनात एक शब्द आला, पण तो तिला तोंडातून काढता येईना. सासऱ्यानं दीक्षा घेऊन आल्या दिवशी घरातले देव फडक्यात बांधून मांजरेच्या डोहात सोडले होते. तेव्हापासून या घराच्या चौकटीला बिब्बा लागला नव्हता की लिंबू. कमलनगरात कुणाच्या अंगात आलं की भागाबाईच पुढं होऊन म्हणायची, "लिंबू सरबतात पिळतेत गं, माणसाच्या डोक्यावर न्हाई." ती बाई आता कोणत्या तोंडानं म्हणणार, की सुनेनं माझ्यावर काहीतरी केलंय? म्हणून तिनं त्या भीतीला दुसरं नाव दिलं.

"तिचा डोळा किल्लीवर हाय," ती फोनवर लेकीला म्हणाली. "मी कधी डोळे मिटते त्याची वाट बघायलीय. तू ये. अमरदीपला पण बोलावलंय. पुनवेला निकाल लावायचा."

माघी पौर्णिमा रविवारी आली. सकाळी विहारात वंदना झाली, खीर झाली, आणि दुपारी भागाबाईच्या सोप्यात बैठक बसली. थोरला अमरदीप कडगंचीच्या विद्यापीठात कारकून. तो शनिवारच्या रात्रीच आला होता आणि आईच्या तोंडाकडं बघून बायकोशी, शिवकन्येशी, धड बोललाही नव्हता. भालकीच्या शाळेत शिकवणारी लेक प्रेरणा जीपमधून उतरली ती आईच्याच बाजूची होऊन. आणि राजेश्वरहून भागाबाईची धाकटी बहीण कलाबाई आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण कलाबाईला भांडणाचा वास दहा कोसांवरून लागायचा.

भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची, आणि खाली पिराजीची, भागाबाईच्या नवऱ्याची. शिवकन्या त्या तसबिरींखाली, खांबाला टेकून बसली. बाहेर वारं पडलेलं होतं. घरामागं तुरीच्या कापलेल्या तुऱ्हाट्यांचा ढीग होता, तोही आज गप्प होता.

"सांग," भागाबाई म्हणाली. "सगळ्यांसमोर सांग, माझ्याकडं कामून बघायलीस?"

शिवकन्येनं पदर ओढून ओठांवर घेतला.

"बघा, बोलायना. चोराला बोलता येत न्हाई."

"आई, चोर कामून म्हणायलीस?" अमरदीप म्हणाला, पण हळू.

"मग साव म्हणू? किल्लीवरनं तिची नजर हलत न्हाई. त्या कपाटात काय हाय? तुझ्या आज्याचं दीक्षेच्या दिवशीचं धोतर, तुझ्या बापाची कागदं, माझी चार लुगडी. मी मेल्यावर घेतील की! जिवंतपणी माझ्या चोळीचा वास घ्यायलीय ही!"

"वैनी, खरं का हे?" प्रेरणानं शाळेतल्या पोरींना विचारावं तसं विचारलं.

शिवकन्येनं मान हलवली. व्हय.

मग कलाबाईनं पानाची पिंक अंगणात टाकली आणि पदरानं तोंड पुसत आली. "आक्का, तू किल्ली किल्ली करायलीस, पण मला दुसरंच दिसायलंय. माझ्या गावची पोर हाय ही. मी सोयरीक जुळवताना बोलले न्हाई, ती माझी चूक. हिची आई कशानं गेली, इचारलंस का कधी?"

"गाठ झाली होती म्हणाले."

"कुणी सांगितलं पहिलं? हिनंच! पंधरा वर्षाची होती. लग्नाची पंगत बसलेली, आई वाढायली, अन् ही पोरगी मधीच उठून म्हणाली, 'आई, तुझ्या छातीला काय झालंय, कातडं आत गेलंय.' समद्या बायांसमोर! बिचारी लाजून अर्धमेली झाली. पुढं वरीस भरायच्या आत पुरी मेली. राजेश्वरात लेकरालाही ठाऊक हाय. हिची जीभ काळी हाय, आक्का. ही बोलली की लागतंय."

"मावशी, असलं काही नसतंय," प्रेरणा म्हणाली.

"नसतंय तर हिलाच इचार, गप कामून बसली."

सगळ्यांनी शिवकन्येकडं बघितलं. आणि भागाबाईला दिसलं, की आता सुद्धा, एवढं सगळं अंगावर येत असताना, तिची नजर तिथंच होती. डाव्या अंगाला. पण त्या नजरेत चोरी नव्हती. भागाबाईनं आयुष्यात असली नजर एकदाच बघितली होती. मांजरेला पूर आला तेव्हा एक बाई काठावर उभी होती, पाण्यातल्या झाडाला धरलेल्या लेकराकडं बघत, आणि हाक मारली तर लेकरू हात सोडंल म्हणून हाकही मारत नव्हती.

"वैनी," प्रेरणा जवळ सरकली. आवाज आता पोरींना विचारायचा राहिला नव्हता. "आईच्या छातीला काय झालंय?"

"मी बोलणार न्हाई, ताई." पदराआडून एवढंच आलं. "माझ्या पाया पडा, मारा, हाकलून द्या. मी तोंडातनं काढणार न्हाई. त्या बारीला काढलं होतं."

भागाबाई उठली. गुडघ्यांनी तक्रार केली ती तिनं ऐकली नाही. आतल्या खोलीत गेली, दार लावलं, कडी घातली.

लोखंडी कपाटाच्या दाराला आरसा होता. पिराजीनं घेतला तेव्हापासून त्याच्या मधोमध एक काळा डाग पडलेला होता, आणि भागाबाई त्यात केस विंचरताना फक्त भांगापुरतं बघायची. बाकीचं अंग बघायचं वय सरलं, असं तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. तिनं किल्ली काढून टेबलावर ठेवली. चोळी सोडली.

वण होता. तो तिला ठाऊक होता. दिवाळीपासून डाव्या थानाच्या बाहेरच्या अंगाला एक खळी पडली होती, बोटाचं टोक टेकवावं एवढी. चाळीस वर्षं त्याच जागी लोखंड दाबून बसतंय, वण पडणारच, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. रात्री निजताना ती किल्ली उशीखाली काढून ठेवायची. बांगड्यांचा वण सकाळपर्यंत मिटतो, पाटलीचा मिटतो. हा मिटत नव्हता. हेही तिला दिसलं होतं. पण दुखत नव्हता, आणि जे दुखत नाही त्याला भागाबाईनं जन्मात विचारलं नव्हतं.

तिनं डावा हात वर केला.

खळी आत गेली. नुसती खोल झाली असं नव्हे. आत कुणीतरी बसलेलं आहे आणि त्यानं कातड्याला टाचलेला दोरा सावकाश ओढला, तशी ती आत गेली. बोंडाचं तोंड फिरून त्या खळीकडं वळलं. भोवतीचं कातडं मोसंबीच्या सालीसारखं बारीक टोचलेलं दिसायला लागलं. तिनं हात खाली केला. दोरा सैल झाला. पुन्हा वर केला. पुन्हा ओढला.

घरात एवढी शांतता होती, की स्वतःचा श्वास दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

तिनं बोटं टेकवली. कातड्याखाली काहीतरी होतं, चिंचोक्यासारखं टणक. ढकललं तर जागचं हलेना. दाबलं तर दुखेना. किती दिवस ते तिथं बसून होतं? ती भाकरी थापत होती, विहारात वंदना म्हणत होती, सुनेला शिव्या देत होती, आणि ते तिच्याच अंगाच्या उबेत, तिचंच खाऊन, गप्प मोठं होत होतं. भागाबाईनं आरशात बघितलं. आरशातली बाई डोळे न मिटता छातीच्या डाव्या अंगाकडं टक लावून होती, अगदी शिवकन्येसारखी.

तिनं चोळी बांधली. कडी काढून बाहेर आली तेव्हा चौघंही होती तिथंच होती.

"शिवकन्या. काय बघितलंस ते बोल."

"आत्याबाई, नको..."

"माझ्या तोंडावर बोल. मी बघून आले. आता तुझ्या जिभेची मला भीती न्हाई."

शिवकन्येनं पदर खाली घेतला. आवाज धडा पाठ म्हणणाऱ्या पोरीसारखा आला, वर नाही, खाली नाही. "तुम्ही हात वर केला तेव्हा कातडी आत गेली. बोंड फिरलं. माझ्या आईचं अगदी असंच होतं. नंतर तिच्या चोळीला डाग पडायचा, पिवळा, मग तांबडा. म्हणून मी रोज तुमची चोळी बघायले. डाग न्हाई अजून. वास पण न्हाई. काखेत गाठ आली का, ते मला दिसत न्हाई."

बोलून झालं. आणि सगळी माणसं थांबली. शिकलेली प्रेरणासुद्धा थांबली. जणू आता काहीतरी होणार होतं; तसबीर पडणार, भागाबाई कोसळणार. कलाबाईनं तर खांबाला हात लावला. अंगणात एक कोंबडी पाय मोजत आली, उंबऱ्यात उभी राहिली आणि परत गेली. बाकी काही झालं नाही.

"मला कामून सांगितलं न्हाईस?" अमरदीपनं विचारलं.

"तुमच्या आईच्या अंगाचं तुम्हाला कसं सांगू?" शिवकन्या म्हणाली. तो फरशीकडं बघत बसला.

प्रेरणा तोवर चप्पल घालून बाहेर पडली होती. दोन घरं सोडून शैलश्री राहायची, सरकारी आरोग्य केंद्राची आशाताई. ती हातातलं पीठ न धुताच आली, दारात उभी राहून सगळं ऐकलं, आणि भागाबाईसमोर येऊन बसली.

"अय्यो अम्मा, तीन बार आले मी तुमच्याकडं. तीन बार! तुम्ही दंड पुढं केला, बीपी बघ म्हणालात. बोट दिलं, साखर बघ म्हणालात. केंद्रात तीसच्या वरच्या समद्या बायांचं तपासायलेत, पडदा लावून, सिस्टर बाईच हाय, असं सांगितलं, तर काय म्हणालात आठवतंय?"

"काय म्हणाले?"

"'माझ्या अंगावर हात फिरवायला मी काय बाजारातली म्हैस हाय का?'"

प्रेरणाला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. भागाबाई मात्र तशीच ताठ.

"दोन लेकरं पाजली मी. मला वाटलं, पाजलेल्या बाईला असलं होत न्हाई. आन् दुखत पण न्हाई."

"पहिल्या दिवसात दुखत न्हाईच, अम्मा. तिथंच बाया फसतेत. गाठ लागली, कातडं आत ओढलं, बोंड फिरलं, त्यातनं पाणी आलं, काखेत सूज आली, यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी यायचं, दुखायची वाट बघायची न्हाई."

"मग हा क्यान्सरच का?"

"ते मी कशी सांगू? मी हात पण लावणार न्हाई, ते सिस्टरचं काम. प्रत्येक गाठ तसली नसती. उद्या सकाळी ती बघंल, चिठ्ठी देईल. मग बिदरला मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढतेत, सोनोग्राफी करतेत, सुईनं बारीक तुकडा काढून तपासायला लावतेत. तवा कळतंय. लवकर कळलं तर इलाज हाय. उशीर झाला तर..." तिनं शिवकन्येकडं बघितलं आणि वाक्य सोडून दिलं.

"सुई लावली की पसरतंय म्हणतेत," कलाबाई म्हणाली. "हुमनाबादकडं एक बाबा पाल्याचा लेप देतो, आक्का..."

"लेप तुझ्या तोंडाला लाव, कला. तेवढं तरी बंद राहील."

कलाबाईनं सगळ्यांकडं बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या बाजूनं कुणी नव्हतं.

अमरदीप म्हणाला, "आई, तुरीचं खळं अर्धं पडलंय. उद्या मला ड्युटीला जावंच लागतंय. पुढच्या रविवारी मी रजा टाकून येतो, मी स्वतः नेतो तुला."

"तुझ्या बापानं पण असंच म्हटलं होतं का गं?" भागाबाईनं सुनेला विचारलं.

"ज्वारी काढून झाल्यावर जाऊ म्हणले होते," शिवकन्या म्हणाली. "मग लग्नसराई आली. मग पाऊस."

शैलश्री जायला उठली आणि दारातनं शिवकन्येकडं वळली. "अक्का, एक सांगू का? राग मानू नका. तुमची आई त्यानंच गेली, तर तपासायची पहिली पाळी तुमची होती. यादीत तुमचं नाव हाय, वय छत्तीस लिहिलंय. दोन बारीला केंद्राच्या दारातनं तुम्ही माघारी गेलात. एकदा तर मी तुम्हाला तुरीच्या रानात लपलेलं बघितलं."

भागाबाईनं मान वळवून सुनेकडं बघितलं. शिवकन्येनं नजर खाली टाकली. चाळीस दिवस जी नजर एका जागेवरून हलली नव्हती, ती आता फरशीवर कुठं टेकावी ते तिला सुचत नव्हतं.

भागाबाईला वाटलं, आपल्याला राग यायला पाहिजे. राग आलाही. पण तो कुठून तरी फार खालून आला आणि वर येईपर्यंत त्याच्यात दुसरंच काही मिसळलं. तिच्या डोळ्यापुढं पंधरा वर्षांची एक पोर आली. पंगत बसलेली, खरकटे हात, आणि सगळ्या बाया तिच्या जिभेकडं बघतायत, तिच्या आईकडं एकीचंही लक्ष नाही. त्यानंतर या पोरीनं आपल्या अंगाकडं किती वर्षं बघितलं नसेल?

"उभी राहा," ती म्हणाली.

शिवकन्या उभी राहिली. अमरदीपही उठू लागला, तर भागाबाईनं हातानंच त्याला खाली बसवलं.

"ऐक. मी निकाल लावते म्हणून सगळ्यांना बोलावलंय, तर निकाल ऐकून घे. तुझी आई तुझ्या जिभेनं मेली न्हाई. तू बोललीस ते एवढ्या पंगतीत एकानंही ऐकलं न्हाई, म्हणून मेली. हे तुला आजवर कुणी सांगितलं न्हाई, मी सांगते. पण तुझा गुन्हा हाय. चाळीस दिवस मला वाढलंस, माझी पाठ चोळलीस आन् तोंडाला कुलूप घातलंस. त्याची शिक्षा भोगायची. उद्या सकाळी आठाला दोघींनी केंद्रात जायचं. पडद्याआड पहिली तू जायची. सिस्टर तुझं बघंस्तोवर मी दारात उभी राहणार, पळालीस तर तुरीच्या रानातनं झिंज्या धरून आणणार. तुझं झालं की मग मी माझी चोळी सोडणार, त्याच्या आधी न्हाई. आन् हात वर कर म्हणली तर वर करायचा, शिवकन्या. लाजायचं न्हाई. मी म्हातारीनं केला, तुला काय धाड भरली?"